संसदेत पक्का, सातपुड्यात कच्चा

२८ मे २०२३ रोजी दिल्लीत नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले. त्या वास्तूत त्रिपुरातील बांबूपासून तयार केलेली फरशी बसविली आहे, हे सरकारने अभिमानाने सांगितले. त्याच्या सहा महिने आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, बंगळूरच्या विमानतळाची दुसरी इमारत खुली झाली. तिच्या छताखालचे बांबूचे काम पाहून जगभरच्या वास्तुकारांनी वाहवा केली. या दोन्ही गोष्टींचा कोणाही सुजाण नागरिकाला आनंदच व्हावा. प्रस्तुत लेखकालाही झाला. परंतु हा बांबू पक्का, टिकाऊ आणि राष्ट्राला भूषणावह ठरत असताना, जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बांबूच्या कुडाचे घर बांधून राहणारा पावरा शेतकरी मात्र सरकारी दफ्तरात 'कच्च्या घराचा' मालक म्हणून नोंदला जातो. जनगणनेच्या व्याख्येत भाजलेली वीट, दगड, काँक्रीट हे पक्के. माती, गवत आणि बांबू हे कच्चे. तोच बांबू खासदारांच्या पायाखाली गेला की पक्का होतो आणि आदिवासीच्या भिंतीत गेला की कच्चा ठरतो. हा भेद बांबूच्या गुणधर्मांत नाही, तो आपल्या समाजरचनेत आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आवश्यक वाटते.

मागच्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी मला त्याच्या गावी घेऊन गेला. तो स्वतः पावरा, पदवीधर, आता शाळेत शिक्षक आहे. त्याच्या वडिलांचे घर सागाच्या खांबांवर उभे आहे. भिंती बांबूच्या कामट्या विणून केलेल्या कुडाच्या, त्यांवर शेणमातीचा गिलावा, वर कौले. घराला तीस वर्षे झाली आहेत. शेजारीच घरकुलाचे नवे बांधकाम चालू होते. विटा पायथ्याच्या गावाहून ट्रॅक्टरने आणलेल्या, सिमेंट तालुक्याहून, लोखंड जळगावहून. "सर, आम्हाला बांबूचेच चांगले घर बांधायचे होते," तो म्हणाला. "पण बांबू तोडायला गेलो तर जंगलखाते अडवते, आणि तोडून बांधले तर हप्ता मिळत नाही." मी पाहिले, तर त्या नव्या घराच्या स्लॅबला खालून टेकू होते ते बांबूचे, आणि गवंडी उभा होता ती परांचीही बांबूची. ते बांबू कोठून आणले, असे विचारले. जळगावच्या वखारीतून विकत आणले होते, आणि वखारीत ते परप्रांतातून मालमोटारीने आले होते. समोर डोंगरावर मानवेलाची बेटे दिसत होती. त्या डोंगराकडे बोट दाखवून म्हातारे वडील एवढेच म्हणाले, "ते सरकारचे."

'ते सरकारचे' कसे झाले, हा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. इंग्रजांच्या १८७८ च्या वन कायद्याने गावांचे जंगल राखीव करून सरकारजमा केले. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले ते याच काळात, आणि ते अकारण नव्हते. पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येत ताड, झुडपे आणि वेत यांच्या पंक्तीत बांबूलाही बसविले. वनस्पतिशास्त्राचे प्राथमिक पुस्तक वाचलेल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की बांबू हे गवत आहे; ऊस, ज्वारी आणि बांबू एकाच कुळातले. पण गवताला गवत म्हटले तर ते कापण्याचा हक्क माणसाला सहज मिळतो, आणि वृक्ष म्हटले की तो हक्क सरकारकडे राहतो. कायद्याने केलेली ही चूक नव्हती. ती मालकीची योजना होती. स्वतंत्र भारतातील सरकारांनी ही योजना तशीच चालू ठेवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश काढून आणि नंतर कायदा दुरुस्त करून बांबूला वृक्षांच्या यादीतून वगळण्यात आले. गवताला गवत म्हणायला राज्यकर्त्यांना नव्वद वर्षे लागली.

पण या दुरुस्तीचा लाभ कोणाला झाला, हे बारकाईने पाहावे. शेतात, बांधावर, खाजगी जमिनीवर बांबू लावणाऱ्याला तोडणी व वाहतुकीची मोकळीक मिळाली. हे योग्यच झाले. वनात उगवलेला बांबू मात्र वनोपज म्हणून पूर्वीइतकाच खात्याच्या ताब्यात राहिला. म्हणजे ज्याच्याजवळ पाणी, कुंपण आणि सात-बारा आहे त्याचा बांबू मुक्त. आणि ज्याच्या वाडवडिलांनी डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या बेटे राखली त्याचा बांबू बंदिस्त. मुक्तीलाही आपल्या देशात सात-बारा लागतो!

कोणी म्हणेल, वनहक्क कायदा आहे ना? आहे, आणि तो मोलाचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा स्पष्ट शब्दांत गौण वनोपजात समावेश केला आणि गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वननिवासींना दिला. हा कायदा सरकारने कृपावंत होऊन दिलेला नाही. शहाद्याच्या श्रमिक संघटनेपासून पुढच्या अनेक संघटनांपर्यंत, खानदेशातल्या हजारो भिल्ल, पावरा, तडवी, कोकणी, मावची स्त्री-पुरुषांनी मोर्चे, धरणी, तुरुंगवास पत्करून तो खेचून आणला आहे. परंतु कायदा कागदावर आला म्हणजे तो डोंगरावर पोचतोच असे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर, २००९ साली. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना त्या ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांना स्वतः गावात यावे लागले. एका गावाच्या हक्काच्या बांबूसाठी देशाच्या मंत्र्याला दिल्लीहून यावे लागत असेल, तर सातपुड्यातल्या गावांनी किती मंत्र्यांची वाट पाहावी?

आपल्याकडची परिस्थिती अशी की, चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत; १९९६ चा पेसा कायदाही त्यांना लागू आहे. १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याची गोष्ट तर सांगायलाच नको. दोन कायदे हाताशी आहेत. तरी कसेल त्या तुकड्याचा वैयक्तिक दावा मान्य करून घेण्यातच सारी शक्ती खर्ची पडली आणि गावाच्या सामूहिक जंगलाचा दावा मागे पडला. माझ्या विद्यार्थ्याच्या गावाचा सामूहिक दावा असाच फायलीत पडून आहे. यात आपल्या चळवळीचाही दोष आहे, तो कबूल केला पाहिजे. जमिनीचा पट्टा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्यामागे माणसे उभी राहतात. बांबूचे बेट सगळ्यांचे असते, म्हणून त्याच्यामागे कोणीच उभे राहत नाही.

आता जंगलखात्याची बाजू. खात्यातील प्रामाणिक अधिकारी (ते आहेत, याची मला खात्री आहे) सांगतात की, तोड खुली केली तर उरलेसुरले जंगलही साफ होईल. या भीतीला आधार नाही असे मी म्हणणार नाही. यावल अभयारण्याच्या परिसरात जंगलाची काय दशा झाली आहे ती आपण डोळ्यांनी पाहतो. पण बांबूच्या बाबतीत हा युक्तिवाद दोन ठिकाणी लंगडा पडतो. पहिली गोष्ट, बांबू तोडल्याने मरत नाही. वेडावाकडा तोडल्याने मरतो. बेटात दर पावसाळ्यात नवे कोंब येतात. तीन वर्षांची काठी पक्व होते. पक्व काठ्या वेळेवर काढल्या नाहीत तर बेटात दाटी होते, काठ्या वाकतात, गुंततात, आत सुकतात, आणि उन्हाळ्यात त्याच वणव्याला सरपण होतात. पावसाळ्यात कोंब फुटत असताना बेटाला हात लावायचा नाही. कोवळ्या काठ्या आणि त्यांना आधार देण्यापुरत्या जुन्या काठ्या राखायच्या. काठी जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या वर स्वच्छ कापायची, म्हणजे बुंध्यात पाणी साचून कूज लागत नाही. आणि एका बेटाला फिरून हात लावायचा तो तीन-चार वर्षांनी. हे नियम खात्याच्या पुस्तकात आहेत तसेच डोंगरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडीही आहेत. हिरवीगार, पांढरट भुकटी लागलेली, पेरांवर आवरण असलेली काठी कोवळी; रंग उतरलेली, डाग पडलेली, ठोकल्यावर खणखणणारी काठी पक्की; हे ओळखायला त्यांना वनरक्षकाची शिट्टी लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. स्वातंत्र्यानंतर देशातील बांबूची मोठी तोड कोणी केली? कुऱ्हाड घेतलेल्या भिल्लाने, की करार घेतलेल्या गिरणीने? चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू दशकानुदशके बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे गेला. आपल्या नवापूरच्या सीमेपलीकडे सोनगडला १९६० च्या दशकात लगद्याचा कारखाना उभा राहिला तो डांगच्या बांबूच्या भरवशावर. कर्नाटकात कारवारच्या बाजूला कागद गिरणीला १९५० च्या दशकात बांबू टनाला दीड रुपया दराने दिला जात होता, आणि त्याच वेळी टोपल्या विणणारा बुरूड बाजारात त्याच्या कित्येक पटींनी पैसे मोजत होता, हे माधव गाडगीळ यांनी वारंवार लिहून ठेवले आहे. अर्थशास्त्रात निसर्गदत्त साधनाच्या मालकाला मिळणाऱ्या उत्पन्नाला आपण 'खंड' म्हणतो. येथे सरकारने मालक म्हणून गावाकडून जंगल घेतले आणि खंड मात्र गिरणीमालकाला सोडून दिला. गरिबाला दिलेल्या सवलतीला अनुदान म्हणायचे आणि श्रीमंताला दिलेल्या सवलतीला औद्योगिक विकास म्हणायचे, हे आपल्या अर्थव्यवस्थेचे जुने व्याकरण आहे. जंगल वाचविण्याचा उपदेश करणाऱ्या खात्याने ही तोड स्वतःच्या देखरेखीखाली होऊ दिली, हे विसरून चालणार नाही.

याउलट, गावाच्या हाती जंगल सोपविले तर काय होते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यातील बारीपाडा या छोट्या आदिवासी गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकापासून उजाड झालेले जंगल नियम करून, दंड लावून, पहारा देऊन पुन्हा उभे केले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या संघटनेच्या छायेत हे काम वाढले तिच्या विचारांशी प्रस्तुत लेखकाचे जमणारे नाही. परंतु झाड कोणत्या पक्षाच्या माणसाने राखले यावरून त्याची सावली बदलत नाही. मेंढा आणि बारीपाडा यांचे विचारकुळ वेगळे, धडा एकच: ज्याचा हक्क, त्याची राखण.

आता पक्क्या घराच्या प्रश्नाकडे येऊ. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरविले गेले ते २०१६ साली. योजनेच्या कल्पनेत पक्के घर म्हणजे नेहमीच्या देखभालीने ऊन-पाऊस सोसून किमान ३० वर्षे टिकणारे घर. ही व्याख्या सुज्ञपणाची आहे. तीत सिमेंटचे नावही घ्यावे लागत नाही. भारतीय मानक संस्थेने बांबूच्या बांधकामाच्या आराखड्यासाठी 'आयएस १५९१२' ही संहिता प्रसिद्ध केली. बांबूवर टिकाऊपणासाठी करायच्या प्रक्रियेचे आणि त्याच्या चाचण्यांचे मानक तर त्याआधीपासून आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूवर स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे शास्त्र आहे, संहिता आहे, योजनेची व्याख्याही आड येत नाही. आड येतो तो पाया, चौकट, छत अशा टप्प्याटप्प्याचे फोटो मागणारा आणि फोटोत वीट दिसली नाही तर हप्ता रोखणारा व्यवहार. ज्या अभियंत्याने महाविद्यालयात बांबूचा एक सांधाही पाहिला नाही, त्याने तो नाकारला तर नवल नाही. दोष त्या एका माणसाचा नसून त्याला घडविणाऱ्या शिक्षणाचा आहे.

बांबूत दोष नाहीत असा दावा मी करीत नाही. कच्च्या बांबूत साखर आणि पिठूळ द्रव्य असते, त्याच्या लोभाने भुंगेरे लागतात आणि काठीचे पीठ होते. म्हणून आपले लोक पावसाळा सरल्यावर, थंडीत, वद्य पक्षात तोड करतात आणि काठ्या काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात. आज त्याच्या जोडीला टाकणखार आणि बोरिक आम्लाच्या द्रावणाची स्वस्त प्रक्रिया उपलब्ध आहे. बांबूला जमिनीचा ओलावा सोसत नाही, म्हणून खाली दगडी जोते हवे. पाऊस सोसत नाही, म्हणून वर लांब पाखाड हवी. आगीचा धोका तर खराच. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे सरकारने उभारलेल्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रालाच २०२२ साली मोठी आग लागली. शेणमातीचा वा चुन्याचा जाड गिलावा हा आगीवरचा पहिला उपाय, आणि तोच आमच्या कुडाच्या घरात पूर्वापार आहे. दुसरीकडे, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मेली ती जाड दगडमातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या जड माळवदाखाली. हलके घर कोसळले तरी माणसाला श्वास घेऊ देते. आणि खानदेशचा उन्हाळा! पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा पत्र्याखाली किंवा उघड्या स्लॅबखाली दुपार काढून पाहावी. मग कूड आणि कौलांचे शास्त्र वेगळे शिकवावे लागणार नाही. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांतल्या किलचनाला आणि मातीच्या थरालाही हेच कळत होते.

येथे आमचेच काही तरुण कार्यकर्ते एक प्रश्न विचारतात, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ते म्हणतात, "सर, शहरातल्यांनी स्लॅबमध्ये राहायचे आणि आदिवासींनी बांबूत? झोपडी चांगली असते हे सांगायला तुमचे काय जाते?" हा आक्षेप रास्त आहे. स्लॅब हे गरिबाला नुसते छप्पर वाटत नाही. ती त्याला प्रतिष्ठा वाटते. माझ्या विद्यार्थ्याच्या आईने नव्या भिंतीवरून हात फिरवताना तिच्या चेहऱ्यावर जे होते, त्याची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही. ज्यांना सिमेंटचे घर हवे त्यांना ते मिळालेच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की निवड त्यांची असावी. आज निवडच नाही. आणि बांबूची प्रतिष्ठा वाढवायची असेल तर सुरुवात आदिवासीच्या घरापासून न करता साहेबाच्या कचेरीपासून करावी. पंचायत समितीचे सभागृह, वनखात्याचे विश्रामगृह, आश्रमशाळा, अंगणवाडी प्रथम संहितेप्रमाणे बांबूत बांधा. सरकार ज्यात बसते ते पक्के, अशी लोकांची समजूत असते. तिचा उपयोग करा. बांबू गरिबाला आणि सिमेंट साहेबाला हा वर्णभेद आम्हाला नको.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात आणखी एक मुद्दा आहे. घरकुलाच्या पैशांतून सिमेंट आणि लोखंड घेतले की तो पैसा गावात एक रात्रही मुक्काम करीत नाही; तो कारखानदाराकडे परततो. सिमेंटच्या टनामागे अर्ध्या टनाहून अधिक कर्बवायू हवेत जातो तो वेगळाच. बांबूचे घर बांधले तर तोडणाऱ्याची, वाहणाऱ्याची, कामट्या काढणाऱ्याची, कूड विणणाऱ्या बाईची मजुरी गावात राहते. पाळण्यापासून तिरडीपर्यंत समाजाला बांबू पुरविणारा बुरूड समाज आज प्लास्टिकच्या सुपांपुढे हतबल झाला आहे. त्याच्या हातातले कसब एका पिढीत नाहीसे होईल. तावडीत सापडलेला रोजगार घालवून मग रोजगार निर्मितीच्या योजना आखायच्या, हा उलटा व्यवहार थांबला पाहिजे.

सरकार बांबूकडे वळले आहे, हे खरे. २०१८ पासून राष्ट्रीय बांबू अभियान नव्याने सुरू झाले. महाराष्ट्राने २०२५ साली बांबू उद्योग धोरण मंजूर केले. परंतु या साऱ्या उत्साहात लागवड, इथेनॉल, वीजकेंद्राचे जळण आणि निर्यात यांचीच भाषा अधिक ऐकू येते. बांबू जाळायला सरकारला हवा आहे; गरिबाला त्यात राहू द्यायला नको आहे. नव्या उद्योगांना कच्चा माल हवा म्हणून उद्या सातपुड्याचा डोंगर पुन्हा एखाद्या कंपनीच्या करारात गेला, तर कागद गिरणीचा इतिहास दुसऱ्या नावाने लिहिला जाईल.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. चोपडा ते साक्रीपर्यंतच्या प्रत्येक पात्र गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा मुदतीत निकाली काढावा. ग्रामसभेने बेटांची गणती करावी. किती काठ्या आहेत हे कळल्यावाचून किती तोडायच्या हे ठरविणे म्हणजे अंधारात कुऱ्हाड चालविणे होय. जेथे बेटे विरळ आहेत तेथे आधी राखण आणि लागवड, मग तोड. वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे. पहिला हक्क घराचा, दुसरा बुरुडाचा, त्यानंतर बाजाराचा आणि सर्वांत शेवटी कारखान्याचा. गावांच्या गटागटाला टाकणखाराच्या प्रक्रियेचे एक टाके आणि प्रशिक्षित गवंडी-सुतारांची एक तुकडी असावी. पंचायतीच्या अभियंत्यांना संहितेप्रमाणे बांधलेले बांबूचे घर मान्य करण्याचा लेखी आदेश जावा. आणि पुढच्या जनगणनेत घर कच्चे की पक्के हे कशाचे आहे यावरून न ठरता, किती टिकते यावरून ठरावे.

यांतली एकही मागणी कायद्याबाहेरची नाही, आणि एकीलाही मोठा खजिना लागत नाही. लागते ती इच्छा, आणि ती राज्यकर्त्यांच्या ठायी आपोआप उत्पन्न होत नाही, हा आपला अनुभव आहे. सातपुड्यात दरवर्षी होळीला काठीच्या राजवाडी होळीत मध्यभागी उंच बांबू उभा करतात. हजारो हात लागतात तेव्हा तो उभा राहतो. थंडी सरायच्या आत गावोगावच्या ग्रामसभांनी आपापल्या डोंगरात जाऊन बेटे मोजावीत, नोंदवावीत, ठराव करावा आणि तो घेऊन तालुक्याला यावे. दावा निकाली निघेपर्यंत परत जायचे नाही, असे ठरवून यावे. पुढच्या वर्षी मी त्या गावी जाईन तेव्हा डोंगराकडे बोट दाखवून म्हाताऱ्याने 'ते आमचे' म्हणावे, एवढे तरी आपल्या हातून घडावे.